दहापैकी दहा

मावशींना कोणाचा पडलेला चेहरा बघवत नसे. आता तरुण मुलांच्या मनाची दुखणी ऐकायची नोकरी करायची आणि पडलेला चेहरा बघवत नाही म्हणायचं, म्हणजे कमालच. पण समुपदेशन केंद्रात एकवीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांचा गुरुवारचा गट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गोल मांडलेल्या नऊ खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. तिच्यावर मावशी स्वतः बसत.

एक दिवस वरून पत्र आलं: गटाचा उपयोग होतो हे आकड्यांत दाखवा, नाहीतर गट बंद. कसं दाखवायचं ते ऑनलाइन शिकवू, दर सोमवारी.

"एकवीस वर्षं मी काय माशा मारत होते?" मावशी कडाडल्या आणि सोमवारी मुकाट्याने लॅपटॉपपुढे बसल्या. पहिले दोन वर्ग शिकवणाऱ्या सरांना त्यांचं नुसतं कपाळ दिसलं.

पद्धत साधी होती. पहिल्या दिवशी मुलांना विचारायचं, कसं वाटतंय, शून्य ते दहा? आठ आठवड्यांनी पुन्हा तेच विचारायचं आणि फरक मोजायचा.

मावशींनी फॉर्म वाटले आणि खुर्च्यांमागून फेऱ्या मारू लागल्या. "एक? अगं, एक कसा? आत्ताच हसलीस ना माझ्याकडे बघून?" एकाचे पाच झाले, पाचाचे दहा. एका मुलाने तर पेनच खाली ठेवलं. "मावशी, तुम्हीच सांगा ना किती लिहू." मावशींनी सांगितलं!

आठ आठवड्यांनी पुन्हा सगळे दहा. मावशी फुशारकीने पडद्यासमोर बसल्या.

सरांनी दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहिले. "मॅडम, आधी दहा, नंतरही दहा. म्हणजे तुमच्या गटाने काहीच फरक पडला नाही."

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्याच हातांनी आपला गट बुडवला होता.

"अजून एक वाट आहे," सर म्हणाले. "मुलांना दोन्ही एकदमच विचारा, तेव्हा पहिल्या दिवशी खरं किती होतं आणि आज किती आहे. फक्त एक करा. तुम्ही त्या खोलीत थांबू नका."

त्या गुरुवारी मावशी बंद दाराबाहेर वीस मिनिटं उभ्या राहिल्या. कान दाराला लावायचा मोह झाला. लावलाही, पण पेनांच्या खरखरीशिवाय काही ऐकू आलं नाही.

घडी घातलेले आठ कागद हातात आले. तेव्हा दोन, आज सहा. तेव्हा तीन, आज सात. एक जण होता तिथेच होता, चारावर. आणि तीच हसलेली मुलगी: तेव्हा एक, आज पाच. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तेव्हा दहा लिहिले, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं.'

मावशी रडल्या. ज्या पोरीला स्वतःचं ओझं पेलवत नव्हतं, तिने यांचंही उचललं होतं, आणि यांना पत्ताच नव्हता.

त्यांनी आठही कागद जसेच्या तसे पाठवले, चारावरचासुद्धा. गट वाचला.

पुढच्या गुरुवारी तीच मुलगी म्हणाली, "मावशी, आज पाच नाही. आज दोनच."

मावशींनी तोंड उघडलं. मग मिटलं. डुगडुगती खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हणाल्या, "बरं. दोन. सांग."