फ्यूजच्या जागी तार

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे लिहितानाही कंटाळा येतो... कारण असे अनुभव लिहिणारा जो तो याच वाक्याने सुरुवात करतो. पण माझा खरंच नाही. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. ‘आपोआप’ बंद पडणारी मशीन्स रोज येतात. उघडलं की आत झुरळ, नाहीतर वीतभर धूळ. आपोआप काही होत नसतं, एवढं एक या धंद्यात शिकलो.

ही गोष्ट माझ्या बहिणीच्या मशीनची. ताई अंबरनाथ पूर्वेला आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहते. आमचे वडील, अप्पा, गेले आणि वर्षाच्या आतच आईला पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालं. उठवून बसवायलासुद्धा माणूस लागतो. ताई एका इंटिरियर कंपनीसाठी घरांची थ्रीडी चित्रं बनवते. ऑफिस ठाण्याला, पण आईमुळे तिला घरून काम करू देतात. मशीन आईच्याच खोलीत, पलंगासमोर. चित्र तयार व्हायला लावलं, की ते तास-दोन तास आपलं आपलं चालतं. त्याला रेंडर म्हणतात. तेवढ्या वेळात ताई स्वयंपाक, आईचे कपडे, सगळं उरकून घेते.

तर हे मशीन रेंडर अर्ध्यावर आलं की खट्‌दिशी बंद पडायचं. सगळं काम पहिल्यापासून. एकदा, दोनदा, मग रोजच.

ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज पार उतरला होता. “साहेब म्हणाले, मॅडम, घरी जमत नसेल तर ऑफिसला या. अरे, मी ठाण्याला गेले तर आईला कोण बघणार? तू येऊन बघ ना एकदा. दुनियेची मशीन्स दुरुस्त करतोस.”

टोमणा बरोबर होता. मी बदलापूरला राहतो, आठवडाभर दुकान, रविवारी अंगात त्राण नसतं. तरी गेलो.

धूळ काढली. प्रोसेसर गार ठेवणारी पेस्ट बदलली, रॅम बदलून पाहिली, दुसऱ्या प्लगवर लावून पाहिलं. मग मशीनवर मुद्दाम पूर्ण लोड टाकला आणि चहा घेत खुर्चीत बसून राहिलो. प्रोसेसरचं टेंपरेचर ठीक होतं. ताई आत भाजी चिरत होती. आई पलंगावर जागी होती, मशीनकडे बघत... आणि खट्.

मागे वाकून पाहिलं, तर एसएमपीएसचं बटण बंद. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज मशीनला सोसेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा. त्याला मागे छोटं काळं बटण असतं. म्हटलं, ढिलं झालं असेल. चालू केलं, परत लोड टाकला. परत खट्, आणि बटण परत बंद.

“हे असंच होतं?” मी विचारलं.

“असंच. मी दर वेळी मागे हात घालून चालू करते,” ताई आतूनच म्हणाली.

डबा काढून हातात घेतला आणि निदान झालं. कॅम्पातला आमचा होलसेलवाला सिंधी अंकल नेहमी सांगतो, “साईं, स्टिकर मत देख, वजन देख.” स्टिकरवर पाचशे वॉट, आणि वजन रिकाम्या डब्यासारखं. मशीन सेकंडहँड घेतलेलं, त्यात कामासाठी ताईने मोठं ग्राफिक्स कार्ड टाकलेलं. रेंडर लागलं की कार्ड वीज ओढणार, आणि ती द्यायची याची ताकद नाही. सरळ केस. ढिलं बटणही डब्याबरोबरच जाणार होतं. दुसऱ्या दिवशी चांगल्या वजनाचा एसएमपीएस आणून बसवला. रेंडर शेवटपर्यंत गेलं. ताई आईच्या उशाशी जाऊन नुसती बसून राहिली.

इथेच संपायला हवं होतं. पण जुना डबा मी दुकानात उघडला.

आत फ्यूज नव्हता. फ्यूजच्या जागी सरळ तार मारलेली. लोड वाढला की वीज तोडणारे पार्ट असतात, त्यांच्या जागा बोर्डवर मोकळ्याच होत्या. खर्च वाचवायला बनवणारे असं करतात. बोर्ड काळा पडलेला, वायरींचं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटलेलं. असा डबा स्वतःहून बंद होत नाही. तो तापत जातो आणि शेवटी पेटतो.

मग बंद कोण करत होतं?

बटण तपासलं. चांगलं घट्ट, अंगठ्याने जोर लावावा लागत होता. डबा हलवला, टेबलावर आपटला, लोड देऊन थरथरवला. बटण जागचं हललं नाही.

अप्पा इथल्याच एका फॅक्टरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. घरातसुद्धा येता-जाता टीव्हीला, मिक्सरला, मीटरच्या बोर्डाला उलटा हात लावून बघायचे. गरम लागलं की बंद. मॅच रंगात आली असली तरी बंद. आम्ही किती चिडायचो. डबा हातात धरून मी दुकानात बसलो होतो आणि डोक्यात फक्त तेच येत होतं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला उद्या या म्हटलं.

दुसरी कारणं शोधली. सोसायटीतलं व्होल्टेज कमी-जास्त झालं म्हणून बटण बंद होत नाही. आई पलंगावरून उठू शकत नाही. ताई तर आत होती. अंकलना विचारलं, ते म्हणाले, “होता है,” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

रविवारी ताईला सगळं सांगितलं. आधी तिला आगीचाच विचार आला. “मी आत असायचे रे. ही इथे एकटी.” मग डोळे पुसत म्हणाली, “बंद पडलं की मी काय काय बोलायचे, तुला माहीत नाही. मेल्या, माझ्या पोटावर का उठलायस... इतकं घाण बोललेय मी.”

आई ऐकत होती. डाव्या हाताने तिने ताईचा हात ओढून घेतला. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, आम्ही थांबलो.

“तू बोलायचीस तेव्हा... तुझे अप्पा...” ती म्हणाली, “हसायचे.”

अटॅकनंतर आईचं बोलणं कधीकधी भलतीकडे जातं, डॉक्टरांनीही तसं सांगितलंय. मशीन तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही. बटणाचं कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि आईला पुन्हा विचारायचा धीर आम्हा दोघांनाही होत नाही.