काळ्या कागदातला दगड

मल्लप्पाकाका गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी प्रयोगशाळेत दगडांवर क्रमांक टाकत होते. मी “हो” म्हटलं, “येते” म्हटलं, आणि उरलेले चार क्रमांकही टाकले. रडू दुसऱ्या दिवशी आलं, जुळे सोलापुरातल्या सिग्नलला, स्कूटरवर...

काका होटगीचे. आयुष्य खाणीत दगड फोडण्यात गेलेलं. खनिजांमध्ये जीवाच्या खुणा शोधायचं माझं संशोधन सुरू झालं, तेव्हा कुठल्या खाणीत काळ्या दगडाच्या पोटात पांढरं कॅल्साइट मिळेल हे दाखवायला ते दोन वर्षं माझ्याबरोबर हिंडले. माझं यंत्र हातात मावणारं. दगडावर लेझर सोडायचा आणि परतलेल्या प्रकाशाच्या रेषा पडद्यावर वाचायच्या. काही जिवाणू तांबूस-पिवळे रंग बनवतात. त्यांची रेषा दिसली, तर इथे कधीतरी जीव होता असं मानायला जागा. हे मी त्यांना तुटक मराठीत समजावलं होतं. एरवी दिवसभरात माझ्या तोंडून फारसं काही निघायचं नाही. “अक्का, तुमी गप बी इंग्रजीत बसताय की,” ते म्हणायचे.

एका दुपारी, जेवणानंतर त्यांनी फोडून दिलेल्या दगडात ती रेषा आली. उंच, स्वच्छ. मी तिथूनच माझ्या सरांना फोन केला. घरात नातू झाल्याची बातमी ऐकावी तसे काका शेजारी उकिडवे बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर मी दगड उलटा केला. मागच्या बाजूलाही तीच रेषा, बोटांच्या ठशांपुरती. मग काकांच्या डब्यातल्या शेंगदाणा चटणीवर यंत्र धरलं. तीच. मिरचीचा तांबडा रंगही त्याच जातीचा.

“तुमचा हात लागलाय,” मी म्हटलं. एवढंच.

“मग जीव निघालाच की अक्का,” ते हसले. “माझा.”

मी हसले नाही. सरांना पुन्हा फोन करायचा होता. दगडावर ‘बाद’ लिहिलं आणि पिशवीत टाकला. त्या दिवसानंतर काकांनी माझ्यासमोर दगडाला उघडा हात लावला नाही. चपलेच्या टोकाने दाखवायचे, “ह्यो बगा.” माझं मोजून होईपर्यंत डबाही उघडायचे नाहीत; कधी कधी तीन वाजायचे. मला ते दिसत होतं. जेवून घ्या, एवढं म्हणायला मला कुठली भाषा लागत होती...

हे रंग उजेडात उडतात. म्हणून तो दगड आता मी काळ्या कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला आहे, ‘बाद’सकट. गेल्या आठवड्यात एकदा यंत्र लावून पाहिलं. रेषा आली, पहिल्यापेक्षा बुटकी. पुन्हा बघावंसं वाटलं, बोटही बटणावर होतं... पण लेझरनेही तो रंग थोडा थोडा जातो. जितक्या वेळा बघेन, तितके काका कमी होतील.

खण मी रोज उघडते. कागद उघडत नाही.