व्याह्याची जीप आन माझं लायसन

अरं जा, सांग त्या डॉक्टरला! म्हनं, आबांनी अमेरिकेत गाडी चालवू नये, इथले रूल येगळे. माझा व्याही हाय म्हनून फोनवर गप बसलो. पर बापू, तू रोज माझ्यासंगं फिरायला येतोस, तू तरी ऐक. बावीस वर्सं मी घाटात ट्रक मारला. आन आता हर्नडनला पोराच्या घरात सोफ्यावर बसून हाय. दुधाचा कॅन आनायचा तरी सून मोकळी पायजे. लायसन काढतो म्हनलं की महेश म्हनतो, "पप्पा नको म्हनाले." पप्पा म्हंजी त्येचा सासरा. तिकडं त्येच्या ट्रॉय गावात चाळीस वर्सं गाडी चालवलीय म्हनं त्यानं. सपाट रस्त्याला!

असल्या मानसासंगं आठ दिवस हिंडलं की किस्से हुडकावे लागत न्हाईत. कुसळावानी आपसूक धोतराला चिकटत्यात.

ह्या हिवाळ्यात आमी पाच जन व्हर्जिन आयलंडला गेलतो. मी, महेश, सून, डॉक्टर आन विहीनबाई. मुरमुरं सांडल्यावानी समुद्रात बेटं. राज्य अमेरिकेचंच, पर गाड्या डाव्या अंगानं चालत्यात. डॉक्टर खूश. भाड्याच्या जीपची किल्ली घेताना म्हनला, "डावीकडून चालवणं आपल्या रक्तात आहे."

पैल्याच वळनाला जीप उजवीकडं घातली. म्होरं पान्याचा टँकर. टँकरवाला खाली उतरला आन शांतपनी, ल्हान पोराला दावावं तसं, डावं कुटलं ते हातानं दावलं.

मी इचारलं, "डॉक्टर, पुन्यात काय चालवत हुता?"

म्हनला, "सायकल."

---

धसका बसला, म्हनून दुसऱ्या दिवशी जीप हाटेलातच ठिवली. महेश फोन घिऊन रस्त्याला हुबा. कॅब काय येईना. म्होरनं बाकडी टाकलेलं उघडं ट्रक मानसं भरून चाललेलं. मी म्हनलं, अरं हे आपलं वडाप हाय, हात कर. तर म्हनतो, बाबा, ते लोकल लोकांसाठी असतं. आमी काय चंद्रावनं आलतो?

अर्धा तास उन्हात वाळलो. मग मीच हात केला. थांबला की! डॉक्टर चढता चढताच इंग्लिशमदी किती येळ लागंल, कुटनं जानार, सगळं इचारून मोकळा. ड्रायव्हर मागं बघंना, गाडी हलवंना. मी म्होरं जाऊन हात जोडलं, राम राम घातला. त्यो हसला आन मला आपल्या शेजारी बसवलं. तितली रीतच हाय, आदी नमस्कार, मग काम. मागं बाकड्यावरली एक म्हातारी डॉक्टरला म्हनली, "आदी गुड आफ्टरनून म्हना."

म्हनला बिचारा. तवा कुटं गाडी हलली.

---

सेंट क्रॉय बेटाला पान्यावर उतरनारं इमान जातं. बारकं हाय, म्हनून आदी वजन इचारत्यात. विहीनबाईंनी खरं सांगितलं. आन मला रोज भात सोडा म्हनून ग्यान देनारा ह्यो डॉक्टर, ह्यानं नऊ किलो कमी सांगितलं. काउंटरवरल्या पोरीनं काट्यावर हुबा केला.

म्हनतो कसा, "शूज जड आहेत."

---

आता ह्ये ऐक. शेवटच्या दिवशी जीप बार्जवर चढवून शेजारच्या सेंट जॉन बेटाला गेलो. बार्ज म्हंजी गाड्या नेनारी सपाट बोट. गाडी उलटीच, रिवर्समदी चढवावी लागती. जाताना बार्ज रिकामा, कशीबशी चढली. सांजच्याला परत यायला बघतो तर शेवटचा बार्ज, आन दोन ट्रकांच्या मदी तेवढी एकच फट. दुसऱ्या दिवशी सकाळी घरचं इमान. हा बार्ज चुकला की इमान गेलं.

डॉक्टरनं चार डाव केलं. एकदा चाक पार कडंला, खाली पानी. खलाशी वरडून वरडून दमला. महेश जीपच्या कॅमेऱ्यात बघून सांगायचा, लेफ्ट घ्या, नको नको, राइट. विहीनबाई उतरल्या आन म्हनल्या, "मी पोहत येते."

खलाशी दोर सोडायला वळला. तवा त्या बाई जीपचं दार उघडून नवऱ्याला म्हनल्या, "उतरा. आबांना द्या."

बसलो मी. महेशला म्हनलं, गप ऱ्हा. मुंडकं भाईर काढलं आन एका दमात घातली आत. दोनी बाजूला चार बोटं जागा. खलाशानं बॉनेटवर दोन थापा मारल्या, आपला क्लीनर मारायचा तशाच.

बार्ज सुटला. डॉक्टर माझ्याकडं वळून म्हनला, "आबासाहेब, लायसन्स नसताना तुम्ही चालवायला नको होती."

बापू, उद्या नवाला गाडी घिऊन दारात ये. मला लायसनच्या हापिसात न्यायचं.