नापास फोटो

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे 'नापास' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण बसलं होतं अगदी चपखल. आयुष्यभर त्यानं एकच काम केलं. मागून उजेड सोडलेल्या पांढऱ्या काचेसमोर स्टुलावर बसायचं, पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या बाटल्या बघायच्या, आणि जिच्यात बुडबुडा, तडा किंवा वाकडी मान दिसेल ती उचलून पायाशी ठेवलेल्या पिंपात टाकायची. टाकलेल्या बाटलीकडे पुन्हा बघायचं नाही, कारण तेवढ्यात पुढची निसटते. पिंपातल्या खळ्ळ आवाजाची त्याला इतकी सवय, की सुट्टीच्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

असल्या माणसाच्या हाती पडला, म्हणजे त्या कॅमेऱ्याचं नशीबच फुटकं.

घेतला तो मुलीमुळे. लग्न होऊन ती दूरच्या शहरात गेली आणि प्रत्येक फोनवर तिचं एकच पालुपद, "बाबा, आईचा एक तरी धड फोटो पाठवा ना." घरात बायकोचा फोटोच नव्हता. लग्नातले होते ते ओल लागून एकमेकांना चिकटले होते. सोडवायला गेलं तर चेहरेच निघून आले. उरला ओळखपत्रावरचा, त्यात ती पोलिसांना हवी असल्यासारखी दिसायची. मग आमच्या नापासरावांनी दुकानातला सगळ्यात स्वस्त डिजिटल कॅमेरा आणला. चंदेरी, साबणाच्या वडीएवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा.

कॅमेऱ्याला एक खोड होती. बटण दाबलं की तो आधी गुरगुरायचा, भिंग पुढेमागे करायचा, आणि सवड झाली की फोटो काढायचा. तोवर बायकोचं हसू मावळलेलं असायचं, नाहीतर "झालं का?" विचारायला तोंड उघडलेलं असायचं. फ्लॅश मारला तर डोळे लालभडक, न मारला तर सगळं धूसर. फोटो मागच्या छोट्या पडद्यावर उमटला की त्याचा अंगठा सरळ पुसायच्या बटणावर जायचा. त्या बटणावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. त्याचा अर्थ नापासला कुणाला विचारावा लागला नाही.

"अहो, राहू द्या की एखादा," बायको म्हणायची. "वाईट तर वाईट."

"वाईट ठेवायला मी काय भंगारवाला आहे?"

"मग मीच वाईट आहे म्हणा ना सरळ."

"तू नाही गं, फोटो. धड येईल तो ठेवू. घाई काय आहे?"

यावर ती खळखळून हसली. कॅमेरा तेव्हा नुसता गुरगुरत होता.

दुपारी तो कामावरून येऊन आडवा झाला की ती कॅमेरा घेऊन घरभर फिरायची, काय काय टिपायची. त्याला ते दिसायचं. "सेल संपवतेस उगाच," एवढं बोलून तो कूस बदलायचा.

घाई होती, हे नंतर कळलं. थंडी वाजून ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आठवड्याच्या आत ती गेली.

मुलगी आली. रडून रडून थोडी शांत झाल्यावर म्हणाली, "बाबा, कॅमेरा द्या. आईचा फोटो मोठा करून भिंतीवर लावू." त्यानं दिला. ती एकेक फोटो पुढे सरकवत राहिली, शेवटाला पोचली, पुन्हा पहिल्यापासून बघू लागली.

"बाबा, आई कुठंय यात?"

"धड येत नव्हते," एवढंच तो म्हणाला.

दोघं फोटो स्टुडिओत गेले. तिथला माणूस म्हणाला, पुसलेले फोटो कधी कधी परत मिळतात. नापासच्या जिवात जीव आला. लाल डोळ्यांची, तोंड उघडलेली, कशीही असो, ती स्टुडिओतल्या बाकावर आपल्या शेजारी येऊन बसणार असंच त्याला वाटू लागलं. बऱ्याच वेळानं त्या माणसानं कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड परत दिलं.

"काका, जिथले पुसले त्याच जागेवर नंतरचे फोटो बसलेत. खालचं काही राहिलेलं नाही."

नंतरचे म्हणजे बायकोनं काढलेले. घरी येईपर्यंत मुलगी त्याच्या चार पावलं पुढेच चालत राहिली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

मुलगी स्वयंपाकघरात गेल्यावर तो कॅमेरा घेऊन खिडकीशी बसला. सगळीकडे तोच होता. बुटाची नाडी बांधणारा, तोंड उघडं टाकून घोरणारा, डोकं कापलेला. काहींत बायकोचंच बोट भिंगावर आलेलं, त्याच्याआडून अर्धा दिसणारा तो. एकही पास करण्याजोगा नव्हता आणि तिनं सगळे ठेवले होते.

शेवटून दुसऱ्या फोटोत तो कपाटासमोर शर्टाची बटणं लावत होता. कपाटाच्या आरशात, त्याच्या खांद्यामागे, ती होती. घरात नेसायची निळी साडी, बाहेर काढलेली दोन कोपरं, कानामागे सुटलेली बट. आणि चेहऱ्याच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा. तो पडदा डोळ्यांजवळ नेऊन बघू लागला. कपाळ शोधलं, हनुवटी शोधली. नुसतं पांढरं.

आणि तेवढ्यात अंगठा आपला आपण हलला. पडद्यावर प्रश्न आला, पुसायचा का?

नापास ओरडलाच. मुलगी पिठाच्या हातांनी धावत आली, तेव्हा तो सेल काढायला धडपडत होता आणि झाकण काही उघडत नव्हतं.

"बाबा, काय झालं?"

त्यानं कॅमेरा तिच्यापुढे धरला.

"हा तू घेऊन जा," तो म्हणाला. "माझ्या हातात ठेवू नकोस."