तासाभराचं जेवण

माझ्या लेकीला एक वाटी खिचडी खायला तास लागतो. हे ऐकलं की बायका हनुवटीला हात लावून "अगंबया!" करतात आणि लगेच मला भरवायचं शिकवायला बसतात. कुणाचं ऐकत नाही मी.

जन्मली तेव्हा ती लवकर रडली नाही, त्यात मेंदूला इजा झाली. हातपाय ताठ, मान डुगडुगती, घास दिला की जीभ तो बाहेर ढकलते. चार वर्षांची झाली तरी कडेवर घेतलं की तिची हाडं टोचायची. धाराशिवच्या दवाखान्यात एका बाईंनी मला शेजारी बसवून शिकवलं. पोरीला उशा लावून सरळ बसवायचं, हनुवटी जराशी खाली, खिचडी मऊ पण घट्ट, चमचा लहान. एक घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. दूधसुद्धा नाचणीचं पीठ शिजवून दाट करायचं. "आडवं टाकून ओतलंत तर छातीत जाईल, ताई," त्या म्हणाल्या. "आता न्यूमोनिया झाला तर हिला झेपायचं नाही."

आमच्या ढोकीकडं लेकरू खाईना झालं की बाई पाय लांब करून बसते, त्यावर लेकराला उताणं टाकते, नाक दाबते आणि तोंड उघडलं की चोचीच्या बोंडल्यानं दूध ओतते. माझ्या सासूबाईंनी पाच लेकरं अशीच वाढवली. मला म्हणायच्या, "तासभर कसलं कौतुक चाललंय? दोन मिन्टाचं काम हाय."

दोनदा मी त्यांना माझ्या पोरीला तसं पाजताना पकडलं. दुसऱ्या वेळी पोर निळी पडलेली, नाकातून दूध येत होतं, आणि या पाठ थोपटत म्हणत होत्या, "उतरलं, उतरलं." माझं डोकंच फिरलं.

"आत्या, आडव्या व्हा."

"का गं?"

"व्हा म्हणते ना!"

त्यांना वाटलं पाय चेपते. हसत हसत आडव्या झाल्या. मी त्यांचं डोकं मांडीवर दाबून धरलं, नाक चिमटीत पकडलं आणि तांब्यातलं पाणी तोंडात ओतलं. म्हातारी तडफडली. मी लगेच सोडलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. सुटल्यावर कितीतरी वेळ त्या पदरात तोंड घालून खोकत होत्या. मग म्हणाल्या, "मेले असते की गं."

नवऱ्याला त्यांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गुमान माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि चमचा कसा धरते ते बघायला लागल्या. मी शिकवलं, पण टोचून टोचून. "हनुवटी वर गेली, दिसत न्हाय का?" "गिळू द्या की, एवढी घाई मसणात जायची हाय का?" शेजारीण आली की जरा जास्तच. म्हातारी सगळं ऐकून घ्यायची आणि पोरीला भरवायची. वर्षभरात पोरीच्या अंगाला मांस लागलं, गाल आले. ही सगळी माझ्या हाताची करामत, असं मी गावभर सांगत फिरले.

मग दिव्यांगाच्या दाखल्याचं शिबिर लागलं. धाराशिवला वेळेत पोचायचं, एसटी गाठायची. नवरा साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, सासूबाई पाण्याला गेलेल्या. पोर घास थुंकायला लागली. एक थुंकला, दुसरा थुंकला, तिसरा माझ्या इस्त्रीच्या साडीवर. "गिळ की गं सटवे!" म्हणून मी चापट मारली. मग पाय लांब केले, तिला आडवी टाकली, नाक दाबलं आणि वाटीभर दूध ओतलं. मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून केलं. ती सारा वेळ माझ्याकडंच बघत होती.

एसटीत तिची छाती घुरघुरायला लागली. शिबिरातल्या डॉक्टरांनी कानाला नळ्या लावल्या आणि तिथूनच तिला वॉर्डात पाठवलं. संध्याकाळी नवरा आणि सासूबाई कपडे घेऊन आले, तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "हिला आडवं करून कुणी पाजलं?"

"सासूबाईंनी," मी म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना सगळ्या वॉर्डासमोर फाडून खाल्लं. सासूबाईंनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाल्या, "चुकलं, साहेब."

पोर वाचली. घरी आल्यावर नवऱ्यानं फर्मान काढलं, की आईनं पोरीच्या तोंडाला हात लावायचा नाही. आईशी बोलणंही टाकलं. आणि पोरीनं माझ्या हातचं खाणं टाकलं. मी चमचा घेऊन बसले की ती दात आवळते, अंग ताठ करते, हुंदके द्यायला लागते. मी गोड बोलून बघितलं, पाया पडून बघितलं. तिसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मी चमचा सासूबाईंपुढं ठेवला. त्यांनी हात धुतले. उशा लावल्या, आणि पहिल्याच घासाला पोरीनं आ केला.

तेव्हापासून असंच चाललं होतं. तो ट्रॅक्टरवर गेला की सासूबाई भरवायच्या आणि मी दारात राखण करायची. आता ऊस संपलाय, कारखाना बंद झालाय, नवरा दिवसभर घरीच असतो. पोरीची हाडं पुन्हा टोचायला लागलीत. मी नवऱ्यापुढं एक खरं वाक्य बोलले तर तिला आज जेवण मिळेल. मी अजून बोललेली नाही.