मामूंचं ठरत नाही

महाडात दोन वाटा फुटतात तिथे कुणी हरवल्यासारखा उभा दिसला, तर तो आमच्या शेजारचा शिंपी मामूच, हे डोळे मिटून सांगावं.

मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो आणि मामूंच्या दुकानामागच्या खोलीत राहत होतो. सगळ्या आळीचे ते मामू, म्हणून माझेही. त्यांचं काही म्हणता काही ठरत नसे. माझ्या पहिल्याच शर्टाला त्यांनी वरची तीन बटणं पांढरी आणि खालची दोन काळी लावली. तो घालून वर्गात गेलो, तर मुलं दिवसभर फळ्याऐवजी माझ्या पोटाकडे बघत बसली. जाब विचारला तर म्हणाले, "दोनी चांगली दिसत होती मास्तर, एकाला नाय कसा म्हणू?" बाजारात बोंबील घ्यावे की मांदेली, हे ठरेपर्यंत कोळणी टोपल्या आवरून निघून जात. हॉटेलात चहा की कॉफी विचारलं की मामू पाणी मागत. लग्नसुद्धा मामीनं स्वतःच निरोप धाडला म्हणून झालं. "याला जन्नतचे दोन दरवाजे दाखवले ना, तर हा बाहेरच बसून ऱ्हाईल," असं मामी म्हणायची आणि मामू त्यावरही विचारात पडायचे. सुई हातात धरून ते तास न् तास पोलादपूरच्या बाजूला बघत. तिकडचे डोंगर धुक्यात जात आणि पुन्हा दिसू लागत, तसे मामूही कुठेतरी जाऊन येत असावेत.

याचं कारण एकदा मामीनंच सांगितलं. मामू सात वर्षांचे असताना त्यांच्या आईबापांचा तलाक झाला. मूल तेवढं जाणतं झालं की त्यालाच विचारायचं, आईकडे राहतोस की बापाकडे, असा त्यांच्यातला रिवाज. चार माणसांत मामूंना विचारलं. त्यांनी आईचा पदर धरला. बाप उठला आणि चालत पोलादपूरला गेला, तो परत आलाच नाही. तिथेच वारला, तिथल्याच कबरस्तानात त्याची कबर आहे. एकाचं नाव घेतलं म्हणजे दुसरा कायमचा गेला, अशी त्या पोराची समजूत झाली. त्यानंतर मामूंनी पोलादपूर पाहिलं नव्हतं.

पुढे मामूंच्या भाचीचाही तलाक झाला. तिची जैबून सात वर्षांची आणि जैबूनचा बाप पोलादपूरचाच. जमातीची बैठक बसली, तेव्हा कागद लिहायला मला बोलावलं. काझीसाहेबांनी विचारलं, "बोल बेटा, कोणाकडे राहशील?" जैबून एकदा आईकडे बघे, एकदा बापाकडे. तेवढ्यात गळ्यात टेप तसाच लोंबत असलेले मामू उठले.

"काझीसाब, आज हिनं एक सांगितला आन् उद्या मन फिरला, तर?"

"तर दुसऱ्याकडे जाईल. मूल आहे ते. त्याला मनाई कुठे आहे?"

मामू उभेच राहिले. "मला ह्या कोणी सांगितलाच नाय," ते अगदी हळू म्हणाले. मग जैबूनसमोर उकिडवे बसले. "ऐकलंस गो? एकाचा नाव घेतलास म्हणून दुसरा तुटत नाय. कवा पन सांग, मी नेईन तुला."

जैबूननं आईचं नाव घेतलं. तिचा बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. कागद लिहिताना मला अक्षरं दिसेनात, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

दोन महिन्यांनी जैबून म्हणाली, आता बापाकडे जायचंय. मामू तिला एसटीनं पोलादपूरला घेऊन निघाले, सोबत मीही गेलो. तिला तिच्या बापाच्या हाती दिलं आणि आम्ही परत निघालो. स्टँडाच्या अलीकडे दोन वाटा फुटत होत्या, एक गाडीकडे आणि दुसरी कबरस्तानाकडे. मामू तिथे उभे राहिले. आता ही गाडी चुकणार, असं मी मनात म्हटलं.

"तुम्ही जावा मास्तर," मामू लगेच म्हणाले. "आज मी बापाकडं ऱ्हातो."

आणि ते त्या वाटेनं चालत गेले. एकदाही थांबले नाहीत.