शिवेच्या आत, नाक्याच्या बाहेर

“बाई, तुम जाव. बॅग इदरीच रैने देव,” जकातनाक्यावरचा शिपाई इमामसाब म्हणाला आणि त्याने बांबू आडवा केला.

माझ्या शेजारी सिद्दप्पा धापा टाकत उभा होता. त्याची बायको नागव्वा सकाळी बाळंत झाली होती. मूल ठीक होतं, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. मला न्यायला तो दुधनी स्टेशनवर येऊन बसला होता.

मी नर्स. राहायला सोलापुरात, नोकरी निजामाच्या मोगलाईतल्या एका खेड्यात. रोज दुधनीपर्यंत पॅसेंजर, पुढे छकडा, मग ओढा, ओढ्यापलीकडे नाका आणि नाक्यामागे गाव. शेजारणी म्हणायच्या, बाई रोज परदेशी जाऊन येते. दवाखाना म्हणजे चावडीची बिनकुलपाची खोली, म्हणून औषधं माझ्याबरोबरच यायची-जायची. त्यांत स्पिरिट, अफूचा अर्क. म्हणजे सरकारचा डोळा आलाच. नाक्याचा मुन्शी रोज बाटल्या बघून सोडायचा. पण शुक्रवारी दुपारी तो नमाजाला मोठ्या गावी जाई. एरवी मी त्याआधीच पार व्हायची. त्या शुक्रवारी गाडी होटगीला रखडली.

मला अर्गट हवं होतं. ते गर्भाशय आवळून धरतं, मग रक्त थांबतं. इमामसाबला इंग्रजी लेबल वाचता येत नव्हतं. त्याला सगळी दारूच. एक बाटली सुटली असती तर त्याची नोकरी गेली असती. बाटली पदराआड लपवायचं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण तो डोळ्यांत तेल घालून बघत होता. बॅग नाक्याबाहेरच्या दगडावर ठेवली आणि रिकाम्या हातांनी धावले.

नागव्वा पांढरीफटक पडली होती. पल्स बोटांखाली जेमतेम लागत होती. पोट दाबून वार काढली, ते जमलं. पण गर्भाशय पुन्हा पुन्हा सैल पडत होतं. म्हटलं, बाज उचला, हिला ओढ्याकडे, बॅगेपाशी न्या.

तिची सासू दारात आडवी आली. “बाळंतीण शीव वलांडत न्हाय, बाई. मेली तर हितंच मरू दे.”

मला तिचा संताप आला. पण ओली बाळंतीण शिवेबाहेर गेली तर घर बुडतं असं ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि वाद घालायला वेळ नव्हता. मी एवढंच विचारलं, तुमची शीव कुठवर?

“वढ्यापतूर की.”

नाका ओढ्याच्या अलीकडे होता, गावाच्या बाजूला. म्हणजे नाका आणि ओढा यांच्यामधली पट्टी गावाच्या शिवेत होती. माझी बॅग तिथेच पडली होती. म्हातारीला हे सांगितलं. ती दारातून बाजूला झाली.

सिद्दप्पा आणि त्याच्या भावांनी बाज उचलली. मी पोटावर मूठ दाबून बाजेबरोबर चालत होते. मूठ ढिली झाली की रक्त यायचं. इमामसाबने न विचारता बांबू वर केला, आपली घोंगडी आणून दिली आणि तो पाठ करून उभा राहिला. नाक्याबाहेर दगडापाशी बाज टेकली आणि मी अर्गटचा डोस दिला. मग वाट बघणं. देवाचं नाव घ्यायला गेले, तेही धड आठवेना. म्हातारी सुनेचे तळवे चोळत होती. किती तरी वेळाने माझ्या हाताखालचं पोट कडक झालं, आणि ते तसंच राहिलं.

बाज परत आत जात असताना मुन्शी आला. त्याने शिपायाला विचारलं, काय सोडलंस?

“बाटली एक बी अंदर नै गई, मुन्शीजी,” इमामसाब म्हणाला.

खरंच होतं. औषध आत गेलं ते नागव्वाच्या पोटातून, आणि त्याला जकात नव्हती.

नागव्वा जगली. माझ्या हाताखाली नवी नर्स आली की मी तिला औषधांची नावं नंतर शिकवते. आधी सांगते, जा, गावाची शीव कुठवर आहे ते एखाद्या म्हातारीला विचारून ये.